नव्या घराचे पहिले माप

आत्याच्या घराची वास्तुशांत झाली तेव्हा अंगणाच्या कोपऱ्यात पत्र्याची एक शेड उभी होती. बांधकाम चालू असताना सिमेंटची पोती आणि सळया ठेवायला ती घातली होती. घर पुरे झाले, तरी पावसाळा संपेपर्यंत शेड राहू द्यावी असे ठरले. त्याच पावसाळ्यात नगरपालिकेचा कर्मचारी मोजमापाला आला. घरात आत्याच्या सासूबाई एकट्याच होत्या. त्याने टेप लावली, वहीत आकडे लिहिले, एका कागदावर सासूबाईंची सही घेतली आणि तो गेला. दिवाळीनंतर शेड निघाली. पुढे घरपट्टीचे बिल आले, तेव्हा त्यात घराशिवाय एक ‘गोडाऊन’ होते, तेही बिगरनिवासी दराने. ते गोडाऊन कागदावरून काढायला आत्याच्या यजमानांना तीन वर्षे खेटे घालावे लागले. हरकत घेण्याची मुदत उलटून गेली होती आणि शेड केव्हा निघाली याचा एकही पुरावा घरात नव्हता.

या सगळ्यात कोणी लाच मागितली नव्हती की कोणी मुद्दाम खोटे लिहिले नव्हते. कर्मचाऱ्याला जे दिसले ते त्याने लिहिले. पण त्या अर्ध्या तासात जे लिहिले गेले, तीच त्या घराची सरकारदरबारी ओळख झाली. घर बांधताना आपण नकाशा, कर्ज, वाळू, नळ, वीज या सगळ्यांच्या मागे लागतो. करखात्याची पहिली तपासणी मात्र ‘कोणीतरी येऊन मोजून गेले’ इतक्यावर सोडून देतो. माझ्या मते नव्या घराच्या आयुष्यात कागदाचा सर्वांत महत्त्वाचा दिवस हाच असतो, आणि घरमालक व पालिका दोघेही तो सर्वांत निष्काळजीपणे घालवतात.

आधी कायद्याचे पाहू. जमीन आणि इमारतींवर कर लावण्याचा अधिकार राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत, राज्यसूचीच्या ४९व्या नोंदीने राज्यांकडे दिला आहे. महाराष्ट्रात तो चार वेगवेगळ्या कायद्यांतून खाली उतरतो. मुंबईला १८८८चा स्वतंत्र कायदा आहे. इतर महापालिकांना १९४९चा, नगरपरिषदा आणि नगरपंचायतींना १९६५चा आणि ग्रामपंचायतींना १९५८चा कायदा लागू होतो. त्यामुळे एकाच आराखड्याची दोन घरे, एक महापालिकेच्या हद्दीत आणि दुसरे नाल्यापलीकडच्या ग्रामपंचायतीत, अगदी वेगळ्या पद्धतीने मोजली जातात. घरपट्टी हा सगळ्यांच्या तोंडी असलेला शब्द एकच, पण त्यामागचा हिशेब चार तऱ्हांचा.

महापालिका कायद्याच्या अनुसूचीत करआकारणीचे नियम आहेत. त्यांतला एक नियम नवे घर बांधणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. नवी इमारत उभी राहिली, जुनी वाढवली किंवा रिकामी इमारत पुन्हा वापरात आली, तर कराची प्राथमिक जबाबदारी ज्याची आहे त्याने १५ दिवसांत आयुक्तांना लेखी कळवायचे आहे. हे १५ दिवस बांधकाम पूर्ण होणे किंवा राहायला जाणे यांपैकी जे आधी घडेल त्या दिवसापासून मोजले जातात. म्हणजे कळवण्याचे काम मालकाचे आहे. आयुक्तांना, म्हणजे व्यवहारात करनिरीक्षकाला, घरमालकाकडून लेखी माहिती मागवता येते आणि जागेची पाहणीही करता येते. राहत्या घरात शिरताना दिवसाउजेडी यावे आणि आधी सूचना द्यावी, हे बंधन कायद्यानेच त्याच्यावर घातले आहे. व्यवहारात सूचना क्वचितच येते. दार वाजते आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक माणूस उभा असतो. पुण्यात त्याला पेठ निरीक्षक म्हणतात. गावात हे काम ग्रामसेवक किंवा ग्रामपंचायतीचा लिपिक करतो. अलीकडे बऱ्याच शहरांत खासगी कंपनीने नेमलेला सर्वेक्षक हातात टॅब घेऊन येतो.

तो नेमके काय पाहतो? क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार, पूर्ण झाल्याची तारीख आणि आत कोण राहते. वरवर साध्या वाटणाऱ्या या पाच गोष्टींत सगळा कर आहे.

नुसत्या क्षेत्रफळावर का भागत नाही, असे कोणी विचारील. तसा प्रयत्न झालेला आहे. केरळच्या १९६१च्या इमारत कर कायद्याने फक्त क्षेत्रफळ पाहून कर लावला होता. भर बाजारातली इमारत आणि आडगावातले तेवढेच मोठे कौलारू घर त्याने एका मापाने मोजले, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवला. पुढे पाटण्यात १९९३ साली रस्ता कोणता, वापर कसला आणि बांधकाम कशाचे अशा कसोट्या लावून क्षेत्रफळनिहाय दर ठरवले गेले. ती पद्धत मात्र सर्वोच्च न्यायालयात टिकली. नकाशावरून वापर कळत नाही आणि उपग्रहाच्या छायाचित्रावरून खोलीत काय चालते ते दिसत नाही, त्यामुळे कोणीतरी प्रत्यक्ष दारात यावेच लागते.

मोजणीत पहिला घोळ होतो तो कशाला क्षेत्रफळ म्हणायचे यावर. बिल्डरच्या जाहिरातीतले क्षेत्रफळ वेगळे, करारनाम्यातले वेगळे आणि करखात्याच्या वहीतले वेगळे. २०१६च्या रेरा कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या पक्की केली. आतल्या भिंती धरून वापरण्याजोगी जागा त्यात येते. बाहेरच्या भिंती, डक्ट, स्वतःपुरती बाल्कनी आणि उघडी गच्ची त्यातून वगळली जातात. पण रेराची व्याख्या विक्रीसाठी आहे. करासाठी कोणते क्षेत्र धरायचे हे त्या त्या पालिकेचे नियम ठरवतात. कुठे चटई क्षेत्र घेतात, कुठे बांधीव क्षेत्र. बाल्कनीला काचा लावून ती खोलीत घेतली असेल, तर निरीक्षक ती मोजणारच, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. चूक होते ती करारातले चटई क्षेत्र बाजूला ठेवून अंदाजाने वीस टक्के वाढवले जातात तेव्हा. घर कुलूपबंद असले की शेजारच्या फ्लॅटचे माप उतरवून घेतात, तेव्हाही हेच होते.

मुंबईत तर या काही चौरस फुटांवर सगळे अवलंबून आहे. ५०० चौरस फुटांपर्यंत, म्हणजे ४६.४५ चौरस मीटर चटई क्षेत्रापर्यंतच्या निवासी घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. ही सूट पहिल्या ५०० फुटांना नाही, ५०० फुटांपर्यंतच्या घराला आहे. त्यामुळे ४९८ फुटांच्या घराचा कर शून्य, आणि ५०५ फुटांच्या घराला पूर्ण बिल. एका खोलीचे माप अर्ध्या फुटाने चुकले तरी पुढची सगळी वर्षे कर भरत राहावे लागेल, असे कुटुंब मुंबईत कुठेही सापडेल. मापाची नक्कल मागून घ्यायला यापेक्षा मोठे कारण नको.

आता हिशेबाकडे वळू. राज्यातल्या अनेक महापालिकांत अजून करपात्र मूल्याची पद्धत आहे. घर भाड्याने दिले तर वर्षाला रास्त भाडे किती येईल ते ठरवायचे, दुरुस्तीपोटी त्यातून दहा टक्के वजा करायचे, आणि उरेल त्या करपात्र मूल्यावर सामान्य कर, अग्निशमन कर, वृक्षकर, शिक्षण कर, जललाभ कर, सांडपाणी कर अशा टक्केवाऱ्या लावायच्या. समजा, ६०० चौरस फुटांच्या घराला महिन्याला चौरस फुटामागे दोन रुपये दर धरला. वर्षाचे भाडे होते १४,४०० रुपये आणि करपात्र मूल्य १२,९६० रुपये. सगळ्या करांची टक्केवारी मिळून चाळीस धरली, तर कर येतो ५,१८४ रुपये. आता निरीक्षकाने अंदाजाने वीस टक्के वाढवून ७२० फूट लिहिले असे समजा. कर ६,२२१ रुपयांवर जातो. आणि घरात मालक स्वतः राहतो म्हणून, पुण्यात मिळते तशी, करपात्र मूल्यात चाळीस टक्के सवलत मिळायला हवी होती, पण वहीत ‘भाडेकरू’ असे लिहिले गेले. मग जिथे ३,११० रुपये यायला हवेत, तिथे ६,२२१ रुपये येतात, बरोबर दुप्पट. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत, दर प्रत्येक शहरात आणि प्रत्येक विभागात वेगळे असतात. पण दोन छोट्या चुका मिळून बिल दुप्पट होऊ शकते, हे यातून कळते.

ते दुप्पट बिल एका वर्षापुरते नसते. करपात्र मूल्याच्या पद्धतीत घराला पहिल्या आकारणीच्या वेळी जो दर लागतो, तोच वर्षानुवर्षे चालू राहतो. पुण्यातल्या जुन्या पेठेतल्या वाड्याला नाममात्र घरपट्टी आणि त्याच रस्त्यावरच्या नव्या इमारतीतल्या लहान फ्लॅटला कैक पट घरपट्टी, हे चित्र यातूनच तयार झाले. शिवाय भाडेनियंत्रणाखालच्या घराचे मूल्य प्रमाणित भाड्यापुढे नेता येत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९८०च्या सुमारास घेतली, आणि जुन्या इमारतींचा कर जागच्या जागी थिजला. शहराचा खर्च मात्र वाढत गेला. तो भागवायचा कोणी? जो नव्याने नोंदला जातो त्याने. म्हणून नव्या घराची पहिली तपासणी हा किरकोळ कारकुनी प्रश्न नाही. शहराच्या करभारातला मोठा वाटा त्या दिवशी नव्या माणसाच्या माथी बसतो.

मुंबईने हे कोडे वेगळ्या वाटेने सोडवू पाहिले. १ एप्रिल २०१० पासून तिथे भांडवली मूल्याची पद्धत आली. रेडी रेकनरचा दर, क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचे वय आणि मजला यांचे भारांक गुणून मूल्य काढायचे आणि ठरावीक वर्षांनी त्याचा फेरआढावा घ्यायचा. जुन्या-नव्यातली दरी कमी करण्याचा हा प्रामाणिक प्रयत्न होता, आणि दिशा योग्य होती असे मला वाटते. पण नियम करताना पालिकेने एक पाऊल जास्त टाकले. बांधकाम चालू असलेल्या जमिनीवर पुढे किती बांधता येईल त्याचाही विचार करून मूल्य धरले. मालमत्ताधारक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९मध्ये २०, २१ आणि २२ क्रमांकांचे नियम रद्द केले, आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. निकालाचा गाभा साधा आहे. आज जे उभे आहे त्याचे मूल्य धरा, उद्या काय उभे राहील त्याचे नको. तपासणीला आलेल्या प्रत्येक निरीक्षकाने लक्षात ठेवावे असे हे सूत्र आहे. छतावर सोडलेल्या सळया म्हणजे दुसरा मजला नाही.

पुण्यातल्या चाळीस टक्के सवलतीची कथा सविस्तर सांगायला हवी, कारण पहिल्या नोंदीत काय लिहिले जाते याचे महत्त्व तिच्यातून जितके कळते तितके दुसऱ्या कशातून कळत नाही. मालक स्वतः राहत असलेल्या घराला पुणे महापालिका १९७० पासून ही सवलत देत होती. पुढे राज्य सरकारने ती बंद करायला लावली. त्यानंतर १ एप्रिल २०१९ पासून नव्याने नोंदल्या गेलेल्या घरांना सवलतीविना बिले गेली. त्याच सुमारास शहरात मालमत्तांचे भूमाहिती सर्वेक्षण झाले. घर बंद होते, दार भाडेकरूने उघडले, किंवा पाटीवर वेगळेच नाव होते, अशा कारणांनी ‘मालक राहत नाही’ अशी नोंद पडलेल्यांच्या सवलती गेल्या आणि मागच्या वर्षांच्या फरकाची बिले आली. २०२३मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सवलत पुन्हा सुरू करायला मान्यता दिली. पण ती परत मिळवायला पीटी-३ नावाचा अर्ज भरून, स्वतः राहतो याचे पुरावे जोडून, तो क्षेत्रीय कार्यालयात नेऊन द्यायचे काम नागरिकाकडेच आले. मुदती पुनःपुन्हा वाढवाव्या लागल्या. गॅसचे कार्ड, मतदार ओळखपत्र, सोसायटीचे पत्र घेऊन ज्येष्ठ नागरिक रांगेत उभे होते. तपासणीच्या दिवशी ‘येथे कोण राहते’ हा एक प्रश्न नीट विचारून उत्तर लिहून घेतले असते, तर यांतल्या अनेकांची रांग टळली असती.

फ्लॅट घेणाऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा. इमारतीला भोगवटा पत्र मिळाले की करखाते तिथून आकारणी धरते. घेणाऱ्याला ताबा वर्षाने मिळतो, कधी दोन वर्षांनी. तोवर कर कोणी भरायचा? रेरा कायद्याच्या ११व्या कलमात याचे उत्तर आहे. प्रत्यक्ष ताबा देईपर्यंतची सगळी देणी, त्यात पालिकेचे करही आले, बिल्डरने भरायची आहेत. त्याच कायद्याच्या १९व्या कलमानुसार भोगवटा पत्र मिळाल्यापासून दोन महिन्यांत ताबा घेणे ही घेणाऱ्याची जबाबदारी आहे. नियम दोन्ही बाजूंनी स्पष्ट आहेत. अडचण अशी की महापालिका कायद्यानुसार मालमत्ता कराचा बोजा आधी मालमत्तेवर बसतो. बिल्डरने थकवले तर जप्तीची नोटीस फ्लॅटच्या दारावर लागते, बिल्डरच्या कार्यालयावर लागत नाही. वर उशिराची शास्ती दरमहा दोन टक्के, म्हणजे वर्षाला चोवीस. म्हणून ताबा घेताना किल्लीबरोबर कराची शेवटची पावती मागा, आणि इमारतीची आकारणी कोणत्या तारखेपासून झाली आहे ते करखात्यात स्वतः विचारा. विकत घेताना एवढे केलेले माझ्या ओळखीत फार थोडे आहेत.

आकारणी लवकर होण्यातच घरमालकाचा फायदा असतो, हे बऱ्याच जणांना पटत नाही. ‘त्यांनी बिल पाठवले नाही, तर आपण कशाला आठवण करून द्या’ असा विचार सर्रास दिसतो. कर चुकलेल्या मालमत्तेवर सहा वर्षांपर्यंत मागे जाऊन आकारणी होते. सहा वर्षांची रक्कम एकदम हातात पडली की ज्या कुटुंबाने वर्षाला पाच हजार सहज भरले असते, त्याच्यावर तीस हजारांचे ओझे येते. पालिकेचेही त्यात नुकसानच आहे. २०१६-१७च्या आर्थिक पाहणी अहवालात बंगळुरू आणि जयपूर या शहरांची उपग्रह छायाचित्रे घेऊन हिशेब मांडला होता. या शहरांत जितका मालमत्ता कर गोळा होऊ शकतो, त्याच्या पाच ते वीस टक्केच गोळा होतो असा त्याचा निष्कर्ष होता. आपली शहरे यापेक्षा फार निराळी असतील असे मानायला आधार नाही. जकात गेली, स्थानिक संस्था कर गेला, १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. नगरपालिकांच्या हाती स्वतःचे म्हणावे असे उत्पन्नाचे मोठे साधन एकच उरले, ते म्हणजे घरपट्टी. रस्ता, दिवा, कचरागाडी, शाळा यांचे पैसे तिथूनच येतात. ती लपवावी असे मी कोणालाही सांगणार नाही. ती योग्य मापाने लागावी, एवढेच म्हणणे आहे.

बेकायदा बांधकामांचा विषय याला लागूनच येतो. भोगवटा पत्र नसले तरी घराला कर लागतोच. महापालिका कायद्याच्या २६७अ कलमाने अशा बांधकामावर कराच्या दुप्पट दंडाची तरतूद केली, तोच शास्तीकर. पिंपरी-चिंचवडमध्ये हजारो कामगार कुटुंबांनी गुंठ्या-अर्ध्या गुंठ्यावर घरे बांधली होती. शास्तीकराने त्यांची बिले लाखांवर गेली, आंदोलने झाली, आणि २०२३मध्ये राज्य सरकारने तो माफ केला. तिथल्या अनेकांचा असा समज होता की पालिका कर घेते म्हणजे घर कायदेशीर आहे. कायद्यातच स्पष्ट लिहिले आहे की कर किंवा दंड भरल्याने बांधकाम नियमित होत नाही. घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावाही नाही. बाजारात मात्र ‘टॅक्स पावती आहे ना, मग काय अडचण’ असे म्हणत आजही सौदे होतात. नवे घर घेणाऱ्याने या वाक्याला भुलू नये.

गावाकडे चित्र निराळे. तिथे नमुना ८ ही करआकारणीची नोंदवही आणि नमुना ९ ही मागणीची. २०१५च्या अखेरीस नियम बदलले आणि ग्रामपंचायतींतही भांडवली मूल्याची पद्धत आली. जमिनीचा दर, बांधकामाचा दर, घसारा आणि वापराचा भारांक यांतून मूल्य काढायचे, आणि त्यावर दर हजारामागे काही पैसे कर. मातीचे घर, दगड-विटांचे मातीत बांधलेले, सिमेंट-चुन्यातले पक्के आणि आरसीसी अशा पायऱ्या केल्या आहेत. त्यामुळे बांधकामाचा प्रकार लिहिताना चूक झाली की दरच बदलतो. स्लॅब पुढच्या खोलीवर आणि मागच्या दोन खोल्यांवर पत्रा अशी घरे गावोगाव आहेत. अशा सबंध घराला आरसीसी लिहिणे हा अन्याय आहे, पण तो सोयीचा असतो म्हणून होतो.

गावातल्या लोकांचा जीव मात्र करापेक्षा नमुना ८च्या उताऱ्यात जास्त अडकलेला असतो. कर्ज, घरकुल, वीजजोडणी, सगळीकडे तोच मागतात. गावठाणातल्या घरांना सातबारा नसतो, म्हणून कराचा उताराच मालकीचा कागद मानला गेला. त्यातून भावाभावांत नाव लावण्याचे तंटे वाढले. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावापासून महाराष्ट्रात गावठाणांची ड्रोनने मोजणी सुरू झाली. २०२० पासून केंद्राच्या स्वामित्व योजनेत गावठाणातल्या घरांच्या मिळकत पत्रिका तयार होऊ लागल्या. जिथे ती पत्रिका हातात आली, तिथे नमुना ८ला त्याचे मूळ काम, म्हणजे फक्त कराचे काम, परत मिळू शकते. शहरांनाही ड्रोनचा उपयोग होतो आहे. पिंपरी-चिंचवडने मालमत्तांना स्वतंत्र ओळख क्रमांक दिले. पण ड्रोनला छप्पर दिसते, छपराखालचे माणूस दिसत नाही. यंत्राने घर शोधावे आणि माणसाने ते पाहावे, अशी वाटणी झाली तरच हे सर्वेक्षण न्यायाचे ठरेल.

हद्दवाढीतल्या गावांचे काय होते, हेही थोडक्यात नोंदवायला हवे. पुण्यात २०१७मध्ये ११ आणि २०२१मध्ये २३ गावे आली. अशा भागात महापालिकेचा पूर्ण कर एकदम लावायचा नाही, टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायचा, अशी कायद्यात तरतूद आहे. पण त्या संक्रमणकाळात बांधलेल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरात आहे की पालिकेच्या, यावरच अनेकांची वर्षे गेली. तुमचे घर अशा भागात असेल, तर ग्रामपंचायतीचा शेवटचा उतारा जपून ठेवा.

चूक झालीच तर काय करायचे? पहिल्यांदा आकारणी होते किंवा वाढते तेव्हा मालकाला विशेष नोटीस द्यावी लागते. तिच्यात मूल्य आणि हरकतीची मुदत लिहिलेली असते. महापालिकेत ही मुदत किमान १५ दिवसांची असते. हरकत लेखी द्यायची, पोच घ्यायची आणि सुनावणीला स्वतः जायचे. तिथे न्याय मिळाला नाही, तर न्यायालयात अपील आहे, पण ते १५ दिवसांत करावे लागते आणि वादातली रक्कम आधी भरावी लागते. नगरपरिषदेत दर चार वर्षांनी होणारी चतुर्वार्षिक आकारणी ही दुसरी संधी असते. यादी प्रसिद्ध होते तेव्हा ती जाऊन पाहणारे गावात दहा जण तरी असावेत. शिवाय २०१५चा लोकसेवा हक्क कायदा आहे. नव्याने कर आकारणी, फेरआकारणी, हस्तांतरण, कराचा उतारा या त्यातल्या अधिसूचित सेवा आहेत. त्यांना मुदत आहे, मुदत टळली तर वरिष्ठांकडे अपील आहे, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. कार्यालयात हेलपाटे मारणाऱ्याने अर्ज या कायद्याखाली द्यावा. टेबलापलीकडच्या माणसाचा सूर बदलतो, हा अनुभव अनेकांचा आहे.

सवलतीही पहिल्याच दिवशी मागायच्या असतात. सौर ऊर्जा, पावसाच्या पाण्याचे पुनर्भरण, गांडूळखत यांसाठी बऱ्याच पालिका करात पाच-दहा टक्के सूट देतात. माजी सैनिकांच्या घरांसाठी राज्याची करमाफीची योजना आहे. निरीक्षक त्या आपणहून लिहीत नाही, आणि त्याने लिहाव्यात असे त्याच्यावर बंधनही नाही.

हे सगळे पाहिल्यावर माझे मत असे बनले आहे की आज कर किती असावा यापेक्षा मापाचा कागद कोणाजवळ असावा, हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. निरीक्षक मोजतो, वही घेऊन जातो, आणि मालकाच्या हाती थेट बिल येते. मधला कागद, म्हणजे कोणती खोली किती फुटांची धरली, वापर काय लिहिला, कोण राहते म्हणून नोंदले, हा त्याला कधी दिसतच नाही. ज्याची नक्कल मालकाला दिलेली नाही, ते माप विशेष नोटिशीला आधार म्हणून चालू नये, अशी एका ओळीची दुरुस्ती नियमांत झाली तर निम्म्या हरकती उद्भवणारच नाहीत. पालिकांना याला पैसा लागत नाही. टॅबवर भरलेला तपशील मोबाइलवर पाठवायला एक क्षण पुरतो. करनिरीक्षकांवरचा संशयही त्याने दूर होईल. त्यांच्यातले बहुसंख्य उन्हातान्हात जिने चढून आपले काम सरळपणे करतात, आणि चुकीच्या एका आकड्याचे खापर त्यांच्यावर फुटते.

ती दुरुस्ती होईपर्यंत काम आपल्याकडेच आहे. नवे घर झाले असेल तर करखात्याला स्वतः लेखी कळवा. मोजणीच्या दिवशी घरातले कोणीतरी जाणते माणूस हजर ठेवा. मंजूर नकाशा, भोगवटा पत्र आणि इंडेक्स टू यांच्या प्रती पुढे करा. तात्पुरती शेड असेल तर ती तात्पुरती आहे असे कागदावर लिहून घ्या आणि काढली की तारखेसह फोटो ठेवा. सही करण्यापूर्वी प्रत्येक आकडा वाचा आणि त्या कागदाचा फोटो काढून घ्या. घरात वयस्कर माणसे एकटी असतील, तर त्यांना आजच सांगून ठेवा: मोजायला कोणी आले, तर आम्हाला फोन केल्याशिवाय सही करू नका.